सक्तीची बचत संपली, आता नियम घरानेच करायचा

जानेवारी उजाडला की कचेरीतून गुंतवणुकीचे पुरावे जोडण्याची सूचना यायची आणि घरोघरी शोधाशोध सुरू व्हायची. एलआयसीच्या हप्त्याची पावती, पीपीएफचे पासबुक, मुलांच्या शाळेच्या फीची पावती, गृहकर्जाच्या व्याजाचे बँकेचे प्रमाणपत्र. काही कमी पडले तर मार्चअखेर कुठून तरी पैसे उभे करून एखादी पॉलिसी किंवा राष्ट्रीय बचत पत्र घेतले जायचे. माणिकपूर-वसईहून रोज लोकल पकडून मुंबई गाठणाऱ्या नोकरदारांच्या दोन पिढ्यांनी आपली पुंजी बव्हंशी अशीच जमवली. हेतू कर वाचवण्याचा होता आणि त्या ओघात बचत होऊन जायची. आज ही सूचना बहुतेक पगारदारांच्या दृष्टीने निरर्थक झाली आहे. 2020 च्या अर्थसंकल्पात आलेली नवी करप्रणाली 2023-24 पासून आपोआप लागू होणारी प्रणाली बनली. 2025-26 पासून तिच्यात 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही आणि 75,000 रुपयांच्या प्रमाणित वजावटीमुळे पगारदारांसाठी ही मर्यादा पावणेतेरा लाखांपर्यंत जाते. कर वाचला याचा आनंद रास्तच आहे. पण कराच्या धाकाने होणारी बचतही त्याच्याबरोबर गेली, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की निवृत्तिवेतन, ठेवींवरचे व्याज, गृहकर्ज आणि प्राप्तिकर या चारही ठिकाणी गेल्या पंचवीस वर्षांत एकच गोष्ट घडली: ठरवण्याची जबाबदारी आणि चुकण्याची जोखीम सरकारकडून व मालकाकडून उठून कुटुंबावर आली. बाहेरची सक्ती गेली असेल, तर तिच्या तोडीचा नियम कुटुंबाने स्वतः घालून घेतला पाहिजे.

आकड्यांत पाहू. वर्षाला 12 लाख पगार असलेल्या माणसाने जुन्या प्रणालीत सगळ्या मुख्य सवलती घेतल्या असे धरू: 50,000 ची प्रमाणित वजावट, कलम 80सी खाली दीड लाख आणि राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाचे दोन लाख. करपात्र उत्पन्न आठ लाख उरते आणि त्यावर उपकरासह 75,400 रुपये कर पडतो. नव्या प्रणालीत एक रुपयाही न गुंतवता कर शून्य. म्हणजे पूर्ण बचत करणाऱ्यालाही जुन्या वाटेने जाणे महाग पडते. आता हेच 75,400 रुपये दर आर्थिक वर्षाच्या आरंभी पीपीएफमध्ये भरले आणि सध्याचा 7.1 टक्के दर टिकला, तर पंधरा वर्षांनी सुमारे साडेवीस लाख रुपये होतात, तेही करमुक्त. नाही भरले, तर ते महिन्याला सव्वासहा हजारांच्या हिशेबाने केव्हा खर्च झाले हे कळतही नाही. कायद्याने पैसा हातात ठेवला, पण त्याचे काय करायचे हे सांगणे थांबवले. ज्यांचे उत्पन्न बरेच जास्त आहे, घरभाडे भत्ता मोठा आहे, त्यांना जुनी प्रणाली अजूनही परवडू शकते. त्यांनी दरवर्षी दोन्ही हिशेब मांडून निवड करावी. पण यापुढे बचतीचे कारण प्राप्तिकरात शोधून भागणार नाही.

जुनी व्यवस्था आदर्श होती असे मात्र नाही. कर वाचवण्याच्या घाईत अनेकांनी गरजेपेक्षा कमी विमाछत्र आणि बेताचा परतावा देणाऱ्या पॉलिसी घेतल्या, वर्षानुवर्षे त्यांचे हप्ते भरले आणि शेवटी हाती आलेली रक्कम महागाईने आधीच पोखरलेली होती. विमा आणि बचत यांची सरमिसळ त्या सक्तीनेच केली. त्यामुळे नव्या मोकळीकीत लाभही आहे: विमा विम्यासाठी घ्यावा, बचत बचतीसाठी करावी, हे आता शक्य आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविम्यावरचा जीएसटीही उठला आहे. मोकळीक वाईट नाही. तिच्याबरोबर यायला हवा तो विचार अजून आलेला नाही, ही अडचण आहे.

जबाबदारी कुटुंबावर येण्याचे हे स्थित्यंतर माणिकपुरासारख्या गावात फार स्पष्ट दिसते, कारण इथे ते जमिनीपासून सुरू झाले. वसईच्या हरित पट्ट्यात वाडी हीच पेन्शन होती. विहिरीच्या पाण्यावर केळी, पानवेली, भाजी, फुले निघत आणि पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात जात. वाडीतून येणारा पैसा थोडा असला तरी वर्षभर येत राही आणि म्हातारपणी ती कसायला पुढची पिढी असे. अडीअडचणीला सावकाराकडे जावे लागू नये म्हणून 1918 साली वसईत बॅसीन कॅथॉलिक सहकारी संस्था उभी राहिली आणि पुढे तिची बँक झाली. एकमेकांच्या आधाराने जोखीम वाटून घेण्याची ती रीत होती. 1980 च्या दशकाअखेर वसई-विरारची मोठी जमीन बांधकामाला खुली झाली, 1990 मध्ये सिडको नियोजन प्राधिकरण म्हणून आली, आणि वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या. 2009 साली नवघर-माणिकपूर नगरपरिषदही वसई-विरार महापालिकेत विलीन झाली. एका बाजूला जमीनमालकाच्या हाती दरमहा देणारी वाडी जाऊन एकरकमी पैसा आला. दुसऱ्या बाजूला मुंबईत जागा न परवडणाऱ्या नोकरदाराने इथे फ्लॅट घेतला. वाडी दर महिन्याला देत होती. फ्लॅट दर महिन्याला मागतो: हप्ता, देखभाल खर्च, मालमत्ता कर. घराची किंमत वाढली म्हणून आपण श्रीमंत झालो असे वाटते, पण उत्पन्न देणारी मालमत्ता आणि खर्च मागणारी मालमत्ता यांतला फरक किमतीने मिटत नाही.

आता निवृत्तिवेतन. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी सरकारी सेवेत लागलेल्याला शेवटच्या पगाराच्या निम्म्यापर्यंत पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. त्या तारखेपासून लागलेल्यांना अंशदानाची योजना आली: किती साठेल ते तुमच्या व सरकारच्या हप्त्यांवर आणि बाजारावर अवलंबून. मार्च 2023 मध्ये राज्यातले लाखो कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, ते या फरकामुळे. केंद्राने 1 एप्रिल 2025 पासून एकीकृत पेन्शन योजना आणून पंचवीस वर्षांच्या सेवेला निम्म्या पगाराची हमी पुन्हा दिली. पण हा वाद ज्यांच्यासाठी चालला आहे ते नोकरदारांत अल्पसंख्य आहेत. वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे भागातल्या कारखान्यांत काम करणाऱ्याला मिळते ती 1995 ची कर्मचारी पेन्शन योजना. तिचे सूत्र साधे आहे: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70. पगाराची कमाल मर्यादा 2014 पासून 15,000 रुपये. म्हणजे पस्तीस वर्षे सलग नोकरी केलेल्याला, पगार पन्नास हजार असला तरी, साधारणपणे मिळणार महिन्याला 7,500 रुपये. आणि त्यावर महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपयांवर उभी आहे. ‘फंड कापला जातो, पेन्शनही आहे’ असे म्हणून निर्धास्त राहणाऱ्याने हा भागाकार एकदा स्वतः करावा. या वर्गासाठी खरा आधार भविष्य निर्वाह निधीची एकरकमी रक्कमच असते, आणि नोकरी बदलताना तीच काढून खर्चली जाते. नोकरी बदलली की खाते नव्या मालकाकडे वळते करणे फुकट असते; ते न करता पैसे काढणे, हा बचतीतला सर्वांत महाग व्यवहार आहे.

ठेवींवरच्या व्याजाचीही तीच कथा. जानेवारी 2000 पर्यंत पीपीएफवर 12 टक्के व्याज मिळत होते. एप्रिल 2020 पासून ते 7.1 टक्के आहे. महागाईही तेव्हा आजच्यापेक्षा जास्त होती, हे खरे. पण ‘पैसे बँकेत टाकले की सात-आठ वर्षांत दुप्पट’ या हिशेबावर वाढलेल्या पिढीने निवृत्तीचे जे गणित मांडले, ते नव्या दरांत बसत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजना आज पोस्टातला सर्वांत चांगला पर्याय आहे: 2023 पासून मर्यादा 30 लाख आणि दर 8.2 टक्के. पूर्ण रक्कम ठेवली तर दर तिमाहीला 61,500 रुपये हाती येतात. आकडा दिलासादायक आहे, पण तो स्थिर आहे. महागाई सहा टक्क्यांच्या आसपास राहिली तर बारा वर्षांत या रकमेची खरेदीची ताकद निम्मी होते. आणि साठीनंतर वीस-पंचवीस वर्षे जगणे आता नवलाचे राहिलेले नाही. म्हणून निवृत्तीनंतर येणारे सगळे व्याज खर्चायचे नसते. त्यातला काही भाग पुन्हा गुंतवला, तरच सत्तराव्या वर्षी चालणारे घर ऐंशीव्या वर्षीही चालते.

व्याजदर उतरले की कर्जदार सुखावतो आणि ठेवीदार हवालदिल होतो. माणिकपुरातल्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात हे दोघे एकाच छपराखाली राहतात: मुलाचा हप्ता हलका होतो आणि वडिलांचे व्याज घटते. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या बाह्य निकषाशी जोडली गेली आणि रिझर्व्ह बँकेच्या निर्णयाचा परिणाम थेट घरात येऊ लागला. रेपो दर मे 2022 च्या आरंभी 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहा झाला. 2025 मध्ये तो टप्प्याटप्प्याने सव्वापाचवर आला. या चढउताराचा अर्थ एका उदाहरणाने समजून घेऊ. कोणी 30 लाखांचे कर्ज 6.7 टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले. हप्ता सुमारे 22,720 रुपये. वर्षभरात 29 लाख 26 हजार मुद्दल उरले आणि दर अडीच टक्क्यांनी वाढून 9.2 झाला. आता महिन्याचे नुसते व्याजच सुमारे 22,430 रुपये. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जमा होणार अवघे 290 रुपये, आणि उरलेल्या एकोणीस वर्षांचे कर्ज फिटायला सत्तेचाळीसहून अधिक वर्षे लागतील! इतकी मुदत बँक देत नाही, पण वय बसेल तेवढी वाढवते. एकोणीस वर्षांतच फेडायचे तर हप्ता 27,200 रुपयांवर न्यावा लागतो. अनेक कर्जदारांना हप्ता वाढला नाही एवढेच दिसले. मुदत वाढली हे विवरणपत्राच्या आतल्या रकान्यात राहून गेले. म्हणूनच ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने बंधन घातले, की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडे थोडे, याची निवड कर्जदाराला द्यावी. ही निवड मागून घ्यावी लागते. दर उतरला की हप्ता कमी करून घेण्याचा मोह टाळावा. तोच हप्ता चालू ठेवला तर वाढलेली मुदत परत आक्रसते. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीसाठी बँकेला दंड आकारता येत नाही, म्हणून बोनसचे पैसे मुद्दलात भरणे हा जोखीम नसलेला सर्वांत चांगला परतावा ठरतो.

यावर एक मोठा आक्षेप येतो. घर हीच आमची पेन्शन, वसईत जागेचे भाव वाढतच गेले, मग वेगळी बचत कशाला? भाव वाढले हे खरेच आहे, आणि भाड्याच्या घरात म्हातारपण काढण्यापेक्षा स्वतःचे छप्पर केव्हाही बरे. पण राहते घर विकल्याशिवाय त्यातून पैसा निघत नाही आणि विकले तर राहायचे कुठे हा प्रश्न उरतो. घर गहाण ठेवून दरमहा रक्कम देणारी उलट तारण कर्जाची योजना 2007 मध्ये आपल्याकडे आली, पण ती रुजली नाही. तिच्यासाठी कागदपत्रे निर्विवाद लागतात, आणि आपल्याकडे कितीतरी जुन्या सोसायट्यांच्या नावावर अजून जमीनच झालेली नाही. त्यातच तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या इमारती आता दुरुस्ती मागू लागल्या आहेत आणि तो खर्च नेमका सभासदांच्या निवृत्तीच्या वर्षांत येतो. मानीव अभिहस्तांतरण करून जमीन सोसायटीच्या नावावर घेणे, दुरुस्ती निधी वेळेवर वाढवणे, या सोसायटीच्या सभेतल्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या विषयांना म्हणूनच निवृत्तीच्या नियोजनाइतके महत्त्व आहे.

शिवाय घर कायदेशीर असेल तरच ती मालमत्ता. नालासोपारा पूर्वेला अगरवाल नगरी भागातल्या 41 अनधिकृत इमारती मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडण्यात आल्या. 2025 च्या आरंभी हे काम संपले तेव्हा सुमारे अडीच हजार कुटुंबांचे घर गेले होते. ऑगस्ट 2025 मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळून 17 जणांचा बळी गेला. गेलेल्या जिवांची भरपाई कशानेच होत नाही. मागे राहणाऱ्यांच्या बाबतीत एक कठोर वस्तुस्थिती अशी, की इमारत गेली म्हणून तिच्यासाठी काढलेले कर्ज संपत नाही. कमी किमतीला भुलून घेतलेले घर आयुष्याची बचत आणि पुढच्या वीस वर्षांची कमाई एकाच वेळी गिळू शकते. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र महापालिकेच्या नगररचना विभागातून स्वतः पडताळणे, महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी पाहणे आणि विक्रेत्याशी संबंध नसलेल्या वकिलाकडून जमिनीचा तपास करून घेणे, यावर होणारा खर्च घराच्या किमतीपुढे नगण्य आहे.

तीच सावधगिरी ठेवींबाबत. बँक अडचणीत आली तर ठेव विमा महामंडळाकडून एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ही मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्ये एक लाखावरून वाढली, त्याआधी काही महिने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांनी सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढण्याची मर्यादा सोसली होती. नियम सर्व बँकांना सारखाच आहे आणि तो सांगण्यात कोणत्याही एका बँकेबद्दल अविश्वास नाही. पण पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण मुळीच नाही. पाऊण किंवा एक टक्का जास्त व्याजासाठी निवृत्तीची सगळी रक्कम एका ठिकाणी ठेवणे म्हणजे शेजारधर्मावर आयुष्य तोलणे होय. रक्कम दोन-तीन बँका आणि पोस्ट यांत विभागली की हा प्रश्न बराचसा सुटतो.

दुसरा आक्षेप तरुणांचा. आम्ही एसआयपी करतो, बाजार दीर्घकाळात वाढतोच, मग एवढी काळजी कशाला? देशात म्युच्युअल फंडांच्या एसआयपीचा महिन्याचा आकडा ऑक्टोबर 2024 मध्ये 25 हजार कोटींपुढे गेला, ही चांगली खूण आहे. महागाईशी टक्कर द्यायला समभागांचा वाटा हवाच. पण 2008 च्या आरंभी 21 हजारांच्या घरात असलेला सेन्सेक्स मार्च 2009 मध्ये आठ हजारांच्या घरात होता, आणि 2020 च्या जानेवारीत 42 हजारांवर पोचलेला निर्देशांक मार्चमध्ये 26 हजारांखाली गेला. पस्तिशीच्या माणसाला ही घसरण स्वस्त खरेदीची संधी असते. त्याच महिन्यात निवृत्त होणाऱ्याला ती आयुष्यभराच्या पैशातली खोट असते. म्हणून निवृत्तीच्या पाच-सात वर्षे आधीपासून थोडे थोडे समभाग विकून रक्कम ठेवी आणि सरकारी योजनांकडे वळवावी. तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे: महिनाअखेर काही उरतच नाही, त्याने काय वाचवावे? वीस-बावीस हजारांत घर चालवणाऱ्याला ‘बचत करा’ असे सांगणे सोपे आणि काहीसे निर्दय आहे. त्याच्यासाठी किमान पेन्शन वाढवणे हे सरकारचेच काम आहे, आणि ती मागणी लावून धरली पाहिजे. पण हप्त्यावर मोबाइल, क्रेडिट कार्डाची किमान रक्कम, वैयक्तिक कर्ज यांचा फास मध्यम उत्पन्नाच्या घरांतही आवळत आहे. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार 2022-23 मध्ये कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे 5 टक्क्यांवर, म्हणजे कित्येक दशकांतल्या नीचांकावर आली, आणि कर्जांत झालेली वाढ हे त्याचे एक मुख्य कारण होते. न उरण्याचे कारण केवळ कमी पगार असते, असे यावरून म्हणता येत नाही.

मग नियम कसा घालायचा? उत्तर आपल्या शेजारीच आहे. भिशीत महिन्याचे पैसे कधी चुकत नाहीत, अडचण असली तरी बाई उसने आणून भरते. का? कारण दिवस ठरलेला असतो, रक्कम ठरलेली असते आणि चार ओळखीच्या माणसांसमोर शब्द दिलेला असतो. उरले तर टाकू, असा पर्यायच तिथे नसतो. भिशीतला पैसा कायद्याने सुरक्षित नाही, म्हणून तिच्यात आयुष्याची पुंजी लावू नये. पण तिची शिस्त मात्र जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. पगार खात्यात पडतो त्याच दिवशी आवर्ती ठेव, पीपीएफ किंवा एसआयपी आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला द्यावी. खर्च उरलेल्या रकमेत बसवावा. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, मग आरोग्यविमा आणि कमावत्या माणसाचा मुदत विमा, मग क्रेडिट कार्ड व वैयक्तिक कर्जाची फेड, आणि नंतर निवृत्तीची पुंजी, असा क्रम ठेवावा. पगारवाढ झाली की तिचा निम्मा भाग त्याच दिवशी या वळत्या रकमेत मिसळावा. आणि हा हिशेब नवराबायको दोघांनाही माहीत असावा, खात्यांवर नामनिर्देशन असावे. घरातला एकटाच माणूस सगळे सांभाळत असेल तर त्याच्या माघारी कुटुंबाला पासबुके शोधत फिरावे लागते.

या रविवारी घरात बसून एका कागदावर तीन गोष्टी लिहून पाहा: गृहकर्जाचा शेवटचा हप्ता कोणत्या महिन्यात आहे, नोकरीचा शेवटचा पगार कोणत्या महिन्यात आहे, आणि त्या पगारानंतर दरमहा घरात नेमके किती रुपये येणार आहेत. पहिली तारीख दुसरीच्या पुढे जात असेल, किंवा तिसरा आकडा लिहिताना हात थबकला असेल, तर नियम बसवायला उशीर करू नका. मार्चची वाट पाहण्याचे कारण आता उरलेले नाही.